स्वतःची कल्हई करणारं भांडं

कवीला रेडिओवर बोलायला बोलावलं, की तो पावसावर, विरहावर, फार तर मातृभाषेवर बोलेल अशी अपेक्षा असते. मी आज भांडी घासण्यावर बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर ॲल्युमिनियमची भांडी आणि गाडीचे ॲल्युमिनियमचे सुटे भाग डाग न पाडता आणि स्वतःचे हात न भाजता कसे साफ करावेत, हा माझा विषय आहे. तो मी मुद्दाम मागून घेतला. त्यामागे घरचं कारण आहे.

माझे आजोबा कल्हईवाले होते. भाता, कोळशाची पिशवी, कथील आणि नवसागर एवढा सरंजाम घेऊन ते कोल्हापूरच्या पेठांतून आणि आसपासच्या खेड्यांतून फिरत. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं तर ते कळकतं. हिरवट होतं, जिभेला कसंसंच लागतं आणि पोटाला बाधतं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं ते सगळीकडे पसरायचं. बघता बघता काळपट भांडं चांदीसारखं होई. पुढे घरोघरी 'जर्मन'ची भांडी आली आणि हा धंदा बसला.

खेड्यापाड्यांत अजूनही ॲल्युमिनियमला 'जर्मन' नाहीतर 'जर्मल' म्हणतात. जर्मन सिल्व्हर हा खरं तर तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात ॲल्युमिनियम औषधालाही नसतं. पण पांढऱ्या धातूला नाव चिकटलं ते चिकटलंच. एके काळी ॲल्युमिनियम सोन्याच्या बरोबरीनं महाग होतं. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू या दोन तरुणांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेच्या साहाय्यानं ते स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधली. त्यानंतर हा धातू गरिबाच्या चुलीपर्यंत आला. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडवायला सुरुवात केली.

"ज्या भांड्याला कल्हई लागत नाही, त्याच्याशी आपलं नातं नाही," असं आजोबा म्हणत. मी बी.ए. झालो आणि उद्यमनगरातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळू लागलो. पिस्टन, हेड, इंजिनाची झाकणं अशा ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांच्या राशीत माझी बरीच वर्षं गेली. तिथल्या जाणत्या कारागिरांकडून मला कळलं, की ॲल्युमिनियमलाही कल्हई असतेच. फक्त ती करायला माणूस लागत नाही. हा धातू स्वतःची कल्हई स्वतःच करतो आणि त्यासाठी त्याला नुसती हवा पुरते.

ॲल्युमिनियमवर सुरीनं ओरखडा काढा. आतला ताजा धातू उघडा पडतो आणि त्याच क्षणी हवेतला प्राणवायू त्याला धरतो. त्यातून ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक थर तयार होतो. तो पारदर्शक असतो, म्हणून दिसत नाही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले तीन-चार भाग, एवढीच त्याची जाडी. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. ॲल्युमिनियमचा थर मात्र घट्ट बसतो आणि खालच्या धातूला हवापाण्यापासून राखतो.

हे एकदा लक्षात आलं, की सफाईचा सगळा प्रश्न सोपा होतो. आपल्याला या कल्हईवर बसलेला मळ काढायचा आहे. कल्हई काढायची नाही. कल्हई गेली की धातू काळवंडतो, पांढुरका पडतो, त्याला बारीक खड्डे पडतात. ज्याला आपण 'डाग पडला' म्हणतो, तो बहुतेक वेळा साफ करायला घेतल्यानंतरच पडलेला असतो.

ही कल्हई फार कडक आम्लात टिकत नाही आणि फार कडक सोड्यातही टिकत नाही. शास्त्रज्ञांच्या पीएच या मोजपट्टीवर साधारण ४ ते ८.५ या पट्ट्यात ती सुखरूप असते. साधं पाणी ७ वर, खाण्याचा सोडा ८ च्या थोडा वर, धुण्याचा सोडा ११ च्या आसपास आणि कॉस्टिक सोडा १३-१४ वर. कॉस्टिकचं आणि ॲल्युमिनियमचं नातं तर विलक्षण आहे. आमच्या राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीच्या पठारावर बॉक्साइटची तांबडी खनिजमाती आहे. तिथून निघालेली माती बेळगावच्या कारखान्यात गेली. या मातीतून ॲल्युमिनियमचा अंश वेगळा कसा काढतात? गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून. कार्ल बायर या रसायनशास्त्रज्ञानं १८८० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत बसवली आणि आजही जगभर तीच चालते. जे रसायन मातीतून ॲल्युमिनियमचं ऑक्साइड विरघळवून काढतं, ते भांड्यावरचं ऑक्साइड सोडेल कसं? आधी कल्हई जाते, मग धातू. वर उष्णता निर्माण होते आणि हायड्रोजन वायू सुटतो. हा वायू ठिणगी पडताच पेटतो. म्हणून मोरीचा नळ मोकळा करायची पावडर ॲल्युमिनियमच्या बादलीत किंवा डब्यात कधीही कालवू नये. झाकण लावलेला डबा तर फुटूही शकतो.

आता स्वयंपाकघरात येऊ. कुकर आतून काळा पडतो, ही सगळ्यांची तक्रार. बोअरचं पाणी जड असतं, त्यात क्षार असतात. ते उकळलं की थोडं सोड्याच्या बाजूला झुकतं. त्यात भांड्याचा वरचा थर बदलतो, जाड होतो आणि करडा-काळा दिसू लागतो. हा काळेपणा म्हणजे घाण नव्हे आणि विषही नव्हे. आपल्या बायकांनी त्यावर फार पूर्वी उपाय काढला आहे. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटूक टाकायचं. पाणी किंचित आंबट राहतं आणि काळं पडत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याहून वेगळं काही सांगितलेलं नाही.

आधीच काळा पडलेला कुकर असेल, तर काळेपणा चढला असेल तिथपर्यंत पाणी भरा. एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, अथवा चिंचेचा कोळ घाला. झाकण न लावता दहा मिनिटं उकळा. निवू द्या, पाणी ओता, मऊ घासणीनं आणि भांड्याच्या साध्या साबणानं धुवा, स्वच्छ पाण्यानं खळबळा आणि लगेच कोरडं पुसा. शेवटच्या पुसण्याला लोक महत्त्व देत नाहीत. पण पाण्याचे थेंब जागेवर वाळले, की डाग तिथेच राहतात. मात्र हे आंबट पाणी रात्रभर तसंच ठेवू नका. आंबटाचं काम दहा मिनिटांचं आहे. चिंचेचं सार, सोलकढी, लोणचं ॲल्युमिनियमच्या भांड्यात साठवू नये, ते याच कारणासाठी. मीठ आणि आंबट मिळून हळूहळू कल्हईला भोकं पाडतात.

राखेचं काय? पितळेला राख उत्तम, असं आपण आजीपासून ऐकत आलो. पण लाकडाची राख पाण्यात कालवली की तीही सोड्याच्याच जातीची होते. रोज राखेनं घासलेलं जर्मनचं पातेलं निस्तेज दिसतं, ते त्यामुळे. धुण्याचा सोडा आणि कपडे पांढरे करण्याचं ब्लीचिंग, ही दोन्हीही ॲल्युमिनियमला वर्ज्य. लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक तुकडे धातूत रुततात, मग गंजतात आणि तांबूस ठिपके उमटतात. लोक म्हणतात, ॲल्युमिनियमला गंज चढला. तो गंज घासणीचा असतो. करपलं असेल तर पाणी घालून उकळा, भिजू द्या आणि लाकडी उलथन्यानं खरवडा. नारळाचा काथ्या किंवा नायलॉनची घासणी पुरते.

आणखी दोन सूचना. पितळेची किंवा तांब्याची भांडी ओल्या ॲल्युमिनियमच्या घमेल्यात रात्रभर ठेवू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी, म्हणजे एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. दुसरी सूचना जुन्या थर्मामीटरबद्दल. त्यातला पारा ॲल्युमिनियमवर सांडला, तर तो कल्हईच्या खाली शिरतो आणि तिला पुन्हा धरू देत नाही. विमानात पाऱ्याबद्दल एवढी कडक बंधनं आहेत, ती याच भीतीनं.

काळसर, गुळगुळीत, कठीण पृष्ठभागाचे कुकर आणि तवे मिळतात. त्यांना ॲनोडाइज्ड म्हणतात. त्यांच्यावर हीच कल्हई विजेच्या साहाय्यानं हजारो पट जाड केलेली असते. ती टणक असते, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण तिचा स्वभाव बदललेला नसतो. सोडा आणि कडक आम्ल तिलाही उतरवतात आणि उतरलेली ती घरी पुन्हा चढत नाही. तिथे फक्त साबण, कोमट पाणी आणि मऊ फडकं.

आमच्याकडे लग्नकार्यात बिर्याणीच्या देगी चुलाणावर चढतात. पूर्वी त्या कल्हई केलेल्या तांब्याच्या असत, आता पुष्कळशा जर्मनच्या असतात. लाकडाच्या जाळावर बाहेरून काजळी धरते आणि घाईच्या वेळी कुणीतरी कॉस्टिकची पिशवी फोडतो. शहाणा बावर्ची तसं करत नाही. तो देग चढवण्याआधीच बाहेरून बुडाला ओल्या मातीचा पातळ लेप देतो. काजळी मातीवर बसते आणि धुताना मातीबरोबर जाते. सफाई सोपी करायची असेल, तर ती मळण्याआधी सुरू करावी, हे मी त्या लोकांकडून शिकलो.

आता गॅरेजकडे वळतो, कारण हातांना खरा धोका तिथे आहे. स्कूटर-मोटारसायकलचं हेड, पिस्टन, इंजिनाची झाकणं ॲल्युमिनियमची असतात. एप्रिल २०२० नंतर आलेल्या बहुतेक गाड्यांना कार्बुरेटर नाही. पण रस्त्यावर जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत. हे भाग धुण्यासाठी सर्रास पेट्रोल वापरतात. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनंही पेट घेते. त्याऐवजी रॉकेल किंवा डिझेल बरं. तेही मोकळ्या हवेत आणि विडी-सिगारेट लांब ठेवून. आधी कोरड्या ब्रशनं माती झटका, मग रॉकेल-डिझेलमध्ये भिजवून ग्रीस सोडवा, मग साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं खळबळा आणि कोरडं करा. एवढ्यानं बहुतेक काम भागतं.

पिस्टनवर बसलेला कार्बन चिवट असतो. लोखंडी इंजिनाचे भाग कॉस्टिकच्या गरम टाकीत बुडवून साफ करतात, ते बघून कुणी ॲल्युमिनियमचं हेड त्यात टाकलं, तर बाहेर निघेल ते भंगारात देण्याच्या लायकीचं. कार्बन रात्रभर भिजवावा आणि बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं उचकटावा. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं, तर हेडच्या सपाट तोंडावर चरे पडतात, तिथून दाब गळतो आणि मग गाडी ओढत नाही. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळच्या गाड्यांच्या झाकणांवर पांढरी भुकटी दिसते. तो खाऱ्या हवेनं केलेला ॲल्युमिनियमचा गंज आहे. तिथे वरचेवर गोड्या पाण्यानं धुणं आणि पुसणं हाच उपाय.

चकाकीसाठी पॉलिश लावलं की फडकं काळं होतं. माणूस घासत राहतो. त्याला वाटतं, अजून मळ निघतोय. तो काळेपणा घासून निघालेल्या ॲल्युमिनियमचाच असतो आणि तुम्ही घासाल तोवर येत राहील. तेव्हा हात आवरता घ्यावा. यंत्रावर बफिंग करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो. ती धूळ पेटली, तर पाणी मारू नये. कोरडी वाळू हलक्या हातानं पसरून झाकावी.

आता माझ्या बहिणीच्या मुलाबद्दल सांगतो. दहावीनंतर तो एका गॅरेजात लागला. गॅरेजचं नाव सांगत नाही. अलॉय व्हील चकाचक करण्यासाठी तिथे एक पातळ द्रव होता. मोठ्या कॅनमधून पाण्याच्या बाटलीत ओतलेला, बाटलीवर चिठ्ठी नाही. ब्रश मारला की चाक झटक्यात उजळतं, म्हणून गिऱ्हाईक खूश. त्यानं उघड्या हातांनी सात-आठ चाकं धुतली. तेव्हा काही झालं नाही. रात्री अकराच्या पुढे बोटांची टोकं ठणकायला लागली. वरून कातडीला विशेष काही दिसत नव्हतं, आणि हा एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा उशीत तोंड खुपसून रडत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटलीवर काय लिहिलं होतं?" त्याला सांगता येईना. "मामू, उस टैम कुछ जलाच नै," एवढंच तो मला परत परत सांगत होता.

ॲल्युमिनियम उजळवणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा त्याच जातीचे क्षार असतात. हे ॲसिड पातळ असलं तर लगेच भाजत नाही. ते कातडीतून आत उतरतं, शरीरातलं कॅल्शियम धरतं, हाडापर्यंत जातं आणि वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होतात. अंगावर जास्त सांडलं, तर हृदयालाही धोका असतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात. पण डॉक्टरला कारण कळलं पाहिजे आणि वेळेत कळलं पाहिजे. बाटलीवर नाव नसल्यानं आमचा बराच वेळ गेला. मुलाची बोटं वाचली, दोन नखं गेली. दोन महिने त्याला पाना धरता आला नाही आणि त्या दोन महिन्यांचा पगारही मिळाला नाही. ज्या चाकांसाठी हे झालं, ती चाकं नंतर पांढुरकी पडली, असंही कळलं. कडक द्रवानं चाकाची कल्हई खाल्ली होती आणि पोराची कातडी.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. चिठ्ठी नसलेल्या बाटलीतला द्रव वापरू नका आणि दुसऱ्याला वापरायला देऊ नका. डब्यावर हायड्रोफ्लुओरिक, बायफ्लोराइड असे शब्द दिसले, तर घरात आणि लहान गॅरेजात तो डबा नकोच. चाकं गार असताना, सावलीत, साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवावीत. कोणताही नवा द्रव आधी झाकलेल्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघावा. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ॲसिड पातळ करायचं झालं, तर पाण्यात ॲसिड ओतावं. ॲसिडमध्ये पाणी नव्हे. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. डोळ्यात काही उडालं, तर किमान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवावा, मग डॉक्टर गाठावा आणि जाताना बाटली बरोबर न्यावी.

हे सगळं सांगितलं, तरी मुळाशी एक गोष्ट उरते. आपल्याला चकाकीचा सोस आहे. भांडी घासणाऱ्या मावशींना आपण म्हणतो, "नव्यासारखी दिसली पाहिजेत हं." गॅरेजवाल्यालाही तेच म्हणतो. मग मावशी सोडा जास्त घेतात, पोरगा कॅनमधला द्रव जास्त घेतो. मावशींच्या बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा आपण पाहत नाही, कारण आपण भांडं पाहत असतो. वापरातलं ॲल्युमिनियम थोडं करडं दिसतंच. तो त्याचा दोष नाही. त्या करड्या रंगाखाली त्याची कल्हई शाबूत असते आणि तिच्यामुळेच भांडं वर्षानुवर्षं टिकतं.

आजोबांचा धंदा या धातूनं बसवला, हे खरं. त्याबद्दल माझ्या मनात आता राग नाही. माझं मागणं साधं आहे. उद्या भांडी घासायला टाकाल तेव्हा सोड्याचा डबा बाजूला ठेवा आणि लिंबाची एक फोड द्या. गाडी धुवायला द्याल तेव्हा, चाकं चमकली का हे बघण्याआधी, धुणाऱ्या मुलाच्या हातात मोजे आहेत का तेवढं बघा. नसतील तर विचारा. गिऱ्हाइकानं विचारलं, की मालक मोजे आणतो. आमच्या भाच्याच्या नव्या गॅरेजात ते असेच आले.